फुकटचा जागल्या: अँटीव्हायरस मोफत का मिळतो?

हा भाग ज्यांनी ऐकला त्यांना माहीतच आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो, की याचं रेकॉर्डिंग देवपूरला, मामाच्या घराच्या गच्चीवर झालं. त्यामुळे मधेमधे कुकरच्या शिट्ट्या आणि खालून जाणाऱ्या रिक्षा ऐकू येत होत्या. लिहिताना त्या काढल्यात. बाकी बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त जिथे मी घसरलो होतो तिथे वाक्यं नीट केलीत.

एका श्रोत्याने प्रश्न पाठवला होता. साधाच प्रश्न. "दादा, एकच कंपनी तोच अँटीव्हायरस फुकटही देते आणि पैसे घेऊनही विकते. मग पैसे देणारा वेडा का फुकट देणारी कंपनी वेडी?" प्रश्न वाचला आणि मी वीसेक वर्षं मागे गेलो. कारण या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला मामाच्या दुकानात मिळालं होतं, आणि ते चांगल्या रीतीने मिळालं नव्हतं.

मामाचं दुकान

धुळ्यात पांझरेवरचा मोठा पूल ओलांडला की देवपूर. इकडे कॉलेजं बरीच. इंजिनिअरिंगचं आहे, आर्ट्स-कॉमर्सचं आहे. त्यामुळे झेरॉक्स, टायपिंग, बाइंडिंगची दुकानंही बरीच. मामाचं त्यातलंच एक. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि लोडशेडिंग असल्यामुळे एक इन्व्हर्टर. साल 2006-07 असेल. मी कॉलेजातून सुटलो की तिथे बसायचो.

फेब्रुवारी-मार्च आला की विद्यापीठाच्या प्रोजेक्टची, प्रबंधांची गर्दी. सगळ्यांच्या हातात पेनड्राइव्ह. त्या काळातला पेनड्राइव्ह म्हणजे काय, हे आज सांगावं लागतं. एक पेनड्राइव्ह सकाळी कॉलेजच्या लॅबमध्ये, दुपारी सायबर कॅफेत, संध्याकाळी आमच्याकडे, रात्री मित्राच्या खोलीवर. विंडोज एक्सपीवर पेनड्राइव्ह लावला की ऑटोरन नावाची सोय आपोआप चालू व्हायची, आणि त्या सोयीवर बसून व्हायरस गावभर फिरायचे. सगळ्यात ओळखीचा म्हणजे फोल्डरवाला. दिसायला पिवळं फोल्डर, पण ते फोल्डर नसायचंच, फोल्डरचं चित्र लावलेला प्रोग्राम असायचा. दोनदा टिचकी मारली की हा तुमच्या मशीनमध्ये.

मामाने दुकानातल्या दोन्ही कॉम्प्युटरवर एक फुकटचा अँटीव्हायरस टाकला होता. कॉम्प्युटरच्या मासिकासोबत सीडी यायची, त्यात मिळाला होता. टाकताना स्क्रीनवर इंग्रजीत मोठा करारनामा आला होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की ही आवृत्ती घरगुती वापरासाठी आहे, धंद्यासाठी नाही. आम्ही वाचला नाही. कोण वाचतं?

एके दिवशी एक ताई आल्या. नाव सांगत नाही. एम.फिल. करत होत्या. विषय अहिराणी ओव्यांचा. त्यांच्या आजीकडून, आजीच्या मैत्रिणींकडून, आजूबाजूच्या दोन-तीन गावांतून त्यांनी ओव्या जमवल्या होत्या. पहिला भाग वहीत होता. दुसरा भाग कॅसेटवर रेकॉर्ड करून थेट कॉम्प्युटरवर उतरवलेला. आणि कॅसेट महाग, म्हणून उतरवून झाल्यावर त्याच कॅसेटवर पुढचं रेकॉर्डिंग. सगळं पेनड्राइव्हमध्ये. दुसरी प्रत नाही.

मामाने पेनड्राइव्ह लावला. अँटीव्हायरसने आवाज केला, लाल पाटी आली, "धोका सापडला, काढून टाकला." मामा खूश. पेनड्राइव्ह उघडला तर आत काहीच नाही. कोरा.

मामा गप्प. मग म्हणाला, "काहीच नई शे यामां." व्हायरसने सगळं खाल्लं असणार, असं आम्हा दोघांनाही वाटलं. आणि व्हायरसवर त्या काळी एकच औषध सगळ्यांना ठाऊक होतं. फॉरमॅट मारणं. मामाने ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "करा, आता काय राहिलंय त्यात." मामाने फॉरमॅट मारला. पैसे घेतले नाहीत.

दोन वर्षांनी मला कळलं. ते व्हायरस फाईल खायचेच नाहीत. ते तुमची खरी फोल्डरं फक्त लपवायचे आणि त्याच नावाने स्वतःची नकली फोल्डरं ठेवायचे. अँटीव्हायरसने नकली काढली, ते त्याचं काम त्याने चोख केलं. खरी तिथेच होती, लपलेली. काळ्या खिडकीत एक छोटी ओळ टाईप केली असती, ॲट्रिबची कमांड, तर दहा सेकंदांत सगळं परत दिसलं असतं. ओव्या व्हायरसने घालवल्या नाहीत. आम्ही घालवल्या.

हे मी आधीच सांगून टाकलं, कारण पुढे मी जे अर्थकारण सांगणार आहे त्यात हा प्रसंग सारखा आडवा येणार आहे.

लाहोरचा पत्ता आणि कॅलिफोर्नियाचा फोन

आता मागे जाऊ. 1986. लाहोरमध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी नावाचे दोन भाऊ कॉम्प्युटरचं दुकान चालवत. त्यांनी एक प्रोग्राम लिहिला, ब्रेन नावाचा. आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानतात. गंमत अशी, की त्यात त्यांनी स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहिला होता. आमच्या सॉफ्टवेअरची चोरी कोण करतंय ते कळावं, हा हेतू होता असं त्यांचं म्हणणं. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात ब्रेन अमेरिकेतल्या विद्यापीठांपर्यंत पोचला.

तिथे जॉन मॅकॅफी नावाचा माणूस लॉकहीड कंपनीत नोकरीला होता. त्याने ब्रेनबद्दल वाचलं आणि 1987 मध्ये स्वतःची कंपनी काढली. आता बघा, इथे आपल्या प्रश्नाचं मूळ आहे. त्याने व्हायरस शोधणारा प्रोग्राम लिहिला आणि तो दुकानात ठेवलाच नाही. त्या काळी इंटरनेट घरोघरी नव्हतं. पण बुलेटिन बोर्ड नावाची सोय होती. एकाच्या घरी कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडलेला, बाकीचे आपापल्या मॉडेमवरून त्याला फोन लावणार आणि फाईली उतरवून घेणार. मॅकॅफीने आपला प्रोग्राम तिथे ठेवला. घ्या, वापरा, मित्राला द्या.

मग पैसे कुठून? घरी वापरणारे बरेच लोक कुठेतरी नोकरीला होते. कोणी बँकेत, कोणी कारखान्यात. घरी जे चाललं तेच त्यांनी ऑफिसात नेलं. आणि ऑफिसात वापरायचं तर परवाना घ्यावा लागे. मोठ्या कंपनीचा वकील असतो, हिशेब तपासनीस असतो, ती चोरून वापरत नाही. तिने पैसे भरले. विक्रीला माणूस पाठवावा लागला नाही, जाहिरात करावी लागली नाही. घरातल्या फुकट्या ग्राहकानेच कंपनीच्या दारात विक्री करून दिली.

शिवाय भीतीची मदत झाली. 1992 मध्ये मायकेलअँजेलो नावाच्या व्हायरसचा बोभाटा झाला. तो 6 मार्चला, त्या चित्रकाराच्या वाढदिवशी, डिस्क पुसणार होता. लाखो कॉम्प्युटर जातील अशा बातम्या आल्या, त्यात मॅकॅफीचे अंदाजही होते. 6 मार्च आला आणि गेला. नुकसान झालं, पण भाकिताच्या मानाने फार थोडं. अँटीव्हायरसची विक्री मात्र जोरात झाली.

प्रागचे दोघे

दुसरी गोष्ट युरोपातली. प्राग, 1988. तेव्हाचा चेकोस्लोव्हाकिया, म्हणजे कम्युनिस्ट राजवट. पावेल बाउडिश नावाच्या संशोधकाच्या हाती व्हिएन्ना व्हायरस असलेली फ्लॉपी लागली. त्याने तो काढणारा प्रोग्राम लिहिला. सहकारी एडुआर्ड कुचेरा. खासगी कंपनी काढायला परवानगी नाही, म्हणून त्यांनी काढली सहकारी संस्था. आपल्याकडे साखर कारखाना सहकारी असतो, दूध सहकारी असतं. तिकडे अँटीव्हायरस सहकारी निघाला. पुढे राजवट बदलली आणि तिची खासगी कंपनी झाली. त्यांच्या सॉफ्टवेअरचं नाव अवास्ट.

पण जगाच्या बाजारात मॅकॅफी आणि नॉर्टन बसलेले. दुकानातली फळी त्यांची, जाहिरात त्यांची, नवीन कॉम्प्युटरमध्ये आधीच भरून येणारं सॉफ्टवेअर त्यांचं. छोट्या देशातल्या छोट्या कंपनीने कुठे शिरायचं? 2001 मध्ये अवास्टने घरगुती आवृत्ती फुकट करून टाकली. त्याच देशातल्या ब्रनो शहरातल्या एव्हीजीनेही हाच रस्ता धरला. जर्मनीतल्या अविराने पण. म्हणजे बघा, फुकट देणारे बहुतेक असे होते ज्यांना दुकानाच्या फळीवर जागा नव्हती. पैशाच्या रस्त्याने गेलं तर दारच बंद, म्हणून ते खिडकीतून आत आले.

आणि आत आल्यावर त्यांना जे सापडलं, ते सोन्याहून महाग होतं.

फुकट्या ग्राहक काय देतो?

अँटीव्हायरस कंपनीचा खरा खर्च कशात आहे? सीडीत नाही, डब्यात नाही. एक प्रत बनवली की दहा लाखावी प्रत जवळजवळ फुकट पडते. खर्च आहे प्रयोगशाळेत. रोज नवे व्हायरस येतात, ते पकडायचे, उकलायचे, त्यांची खूण तयार करायची आणि ती खूण सगळ्या ग्राहकांना पाठवायची. हा खर्च ग्राहक दहा असले तरी तेवढाच आणि दहा लाख असले तरी जवळपास तेवढाच.

पण नवा व्हायरस आधी पकडायचा कसा? तो सगळ्यात आधी कोणाच्या तरी मशीनवर दिसणार. मग जितकी जास्त मशीनं तुमच्या जाळ्यात, तितका तो तुम्हाला लवकर दिसणार. फुकटचा ग्राहक म्हणजे जाळ्यातली एक गाठ. त्याच्या मशीनवर काही संशयास्पद हललं की ती माहिती प्रयोगशाळेत जाते, आणि थोड्या वेळात त्यावरचं औषध पैसे देणाऱ्या बँकेपर्यंत पोचतं. फुकट्याचं मशीन राखणदार आणि तपासणीचं ठिकाण, दोन्ही.

हे आपल्या भागातल्या माणसाला लवकर कळेल. पांझरेवर पूर्वापार फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. या व्यवस्थेत माणसं नेमलेली असत. पाटकरी पाणी सोडणार, आणि जागल्या पिकाची राखण करणार. आता जागल्याचं काम असं, की तो एकट्या सखारामचं शेत राखून शेजारच्या तुकारामचं सोडू शकत नाही. तुकारामच्या शेतात गुरं शिरली की ती सखारामच्या शेतात यायला किती वेळ? म्हणून राखण अख्ख्या फडाची.

कॉम्प्युटरचंही तसंच. मामाच्या दुकानातलं मशीन उघडं असेल तर तिथून कॉलेजची लॅब, लॅबमधून प्राध्यापकाचं घर. पोलिओचे डोस फुकट का देतात? गरिबाच्या मुलाला मिळाला नाही तर श्रीमंताचं मूलही सुरक्षित राहत नाही म्हणून. फुकटच्या अँटीव्हायरसमध्ये हे गणित थोडं तरी आहेच.

पण मंडळी, फक्त एवढंच असतं तर ती धर्मशाळा झाली असती. कंपनी धर्मशाळा नसते. बाकीची कारणं रोख हिशेबाची आहेत.

एक, जिना. खालची पायरी फुकट, वरची पैशाची. फुकटात व्हायरस पकडतो. फायरवॉल पाहिजे, बँकेच्या व्यवहाराला वेगळी खिडकी पाहिजे, मुलांच्या मोबाईलवर लक्ष पाहिजे, फोनवर बोलायला माणूस पाहिजे, तर वर या. शंभरातले थोडेच वर येतात. पण खाली जर कोट्यवधी असतील तर थोडेही पुष्कळ होतात.

दोन, भाडं. तुमच्या स्क्रीनवर कंपनीला रोजची जागा मिळते. अँटीव्हायरस टाकताना खाली बारीक अक्षरात एक टिकमार्क आधीच केलेला असायचा, "अमुक ब्राउझरही टाका," "शोधण्याचं पान बदला." आपण पुढे-पुढे करत जायचो. त्या टिकमार्कमागे दुसरी कंपनी पैसे मोजत होती. एव्हीजीचा बराच पैसा सर्चमधून आला. अवास्टने गूगलचा क्रोम ब्राउझर असाच वाटला.

तीन, चोर. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत तो कुठूनतरी क्रॅक आणणार, आणि त्या क्रॅकमध्येच व्हायरस असणार. त्यापेक्षा त्याला खरी फुकट आवृत्ती दिली तर तो निदान आपल्या जाळ्यात राहतो. उद्या नोकरीला लागला की पैसे देईल.

पुण्याचा उलटा रस्ता

आता आपल्या महाराष्ट्रात या. इथे गोष्ट उलटी घडली, आणि ती जास्त मजेची आहे.

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर. दहावीनंतर शिक्षण थांबलं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी. मग स्वतःचं छोटं दुरुस्तीचं दुकान. कॅल्क्युलेटरवरून कॉम्प्युटरवर आले. लहान भाऊ संजय यांना मात्र त्यांनी कॉम्प्युटर शिकायला घातलं. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये बिघाड बऱ्याचदा यंत्राचा नसायचा, व्हायरसचा असायचा. आज नीट केलं की काही दिवसांनी तेच मशीन परत. संजय यांनी एकेका व्हायरसवर औषधं लिहायला सुरुवात केली, मग ती एकत्र केली, आणि 1990 च्या दशकाच्या मध्याला क्विक हील तयार झालं. कंपनीचं तेव्हाचं नाव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस. नावातच सर्व्हिस. 2007 मध्ये तिचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं, आणि फेब्रुवारी 2016 मध्ये 321 रुपयांच्या भावाने शेअर विकून कंपनी बाजारात आली.

आता प्रश्न असा, की अवास्ट फुकट देऊन मोठी झाली, मग क्विक हील डबा विकून कशी टिकली? त्यांनी तीस दिवसांची चाचणी दिली, ठरावीक व्हायरस काढायची साधनं फुकट दिली, पण धंद्याचा कणा राहिला तो पैशाचा डबा. हे कसं जमलं?

माझं मत असं. प्रागच्या ग्राहकाला आणि देवपूरच्या ग्राहकाला मिळणारं "फुकट" एक नव्हतंच. फुकटचा अँटीव्हायरस जिवंत राहतो तो रोजच्या अपडेटवर, आणि अपडेटला लागतं इंटरनेट. ते आपल्याकडे होतं कुठे? बीएसएनएलचं ब्रॉडबँड 2005 मध्ये आलं, आणि आमच्या दुकानात त्याच्या बऱ्याच नंतर. तोपर्यंत डायलअप. अपडेट उतरवायला लावलं की फोनचं बिल चढायचं, आणि मधेच लाईट जायची. मासिकाच्या सीडीतला अँटीव्हायरस टाकला त्या दिवशी तो दोन महिने जुना असायचा, आणि मग तसाच म्हातारा होत जायचा. कोपऱ्यात हिरवी खूण दिसायची, पण आत जागल्या झोपलेला.

याउलट डबा विकणारा गावातलाच. त्याला बोलावता येतं. तो अपडेटची फाईल पेनड्राइव्हवर घेऊन येतो, मशीनसमोर बसतो, चहा पितो, "काका, हे असं करू नका" सांगतो. सॉफ्टवेअर निमित्त, विकत घेतला तो माणूस. काटकरांचं सगळं जाळं अशा दुरुस्तीवाल्यांचं, विक्रेत्यांचं उभं राहिलं. पुण्याबाहेरची त्यांची पहिली शाखा नाशिकला निघाली, म्हणजे खानदेशाच्या उंबऱ्यावर. दुरुस्तीवाल्याला प्रत्येक डब्यामागे कमिशन मिळायचं. फुकटच्या अँटीव्हायरसमागे त्याला काय मिळणार? म्हणून तो फुकटचा सुचवायचाच नाही. पुण्याचंच नेट प्रोटेक्टरही महाराष्ट्रातल्या गावोगावी असंच दुकानादुकानातून पोचलं.

यात विक्रेत्याचा स्वार्थ होता का? होताच. पण त्या स्वार्थाला चेहरा होता आणि दुकानाचं शटर होतं. चुकलं तर जाऊन बोलता यायचं.

फुकटाची खरी किंमत

2009 मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स फुकट दिलं. पुढच्या वर्षी दहापर्यंत कॉम्प्युटर असणाऱ्या छोट्या धंद्यांनाही ते वापरायची मुभा दिली. म्हणजे मामाच्या दुकानाला पहिल्यांदाच कायदेशीर फुकट मिळालं. 2012 मध्ये विंडोज 8 सोबत डिफेंडर आतच आला. मायक्रोसॉफ्टला अँटीव्हायरसमधून कमवायचं नव्हतं. विंडोज म्हणजे व्हायरसचं घर, हे नाव पुसायचं होतं. घर विकणाऱ्याने दाराला कुलूप फुकट दिलं.

त्यामुळे बाकीच्यांची पंचाईत झाली. कुलूप दारासोबतच येत असेल तर वेगळं फुकट कुलूप कोण घेणार? कंपन्या एकमेकींत मिसळू लागल्या. 2016 मध्ये अवास्टने एव्हीजी घेतली, 2022 मध्ये नॉर्टनवाले आणि अवास्ट एक झाले. एकेकाळी फळीवरून ज्यांना ढकललं जात होतं ते आणि ढकलणारे एकाच छपराखाली.

आणि मधे 2020 घडलं. अवास्टची जम्पशॉट नावाची उपकंपनी होती. अवास्ट वापरणारे लोक इंटरनेटवर कुठे कुठे जातात याची माहिती ती दुसऱ्या कंपन्यांना विकत होती. जानेवारी 2020 मध्ये पत्रकारांनी हे बाहेर काढलं आणि त्याच महिन्यात जम्पशॉट बंद करावी लागली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2024 मध्ये या प्रकरणात अवास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. लोकांनी जो जागल्या घरात ठेवला होता, तोच घरात कोण येतं-जातं ते बाजारात सांगत होता.

फडावरच्या जागल्याला फडातले शेतकरी धान्य द्यायचे. त्याची भाकरी राखणीतून यायची, म्हणून तो राखण करायचा. ज्या जागल्याला फडाबाहेरचा माणूस पोसतो, तो राखण करेलही कदाचित, पण तो नेमका कोणाचा, हे विचारायला हवं. फुकट मिळालं तर नाकारू नका असंच मी म्हणेन. फक्त त्याची भाकरी कुठून येते ते विचारा. उत्तर सरळ मिळालं, म्हणजे "ऑफिसं पैसे देतात" किंवा "विंडोजच्या किमतीतच आहे", तर खुशाल वापरा. उत्तर मिळालंच नाही, तर भाकरी तुमच्याच घरातून जातेय असं समजा.

सरकारनेही एक रस्ता काढला. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारने सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. तिथून बॉट काढायची साधनं कोणालाही फुकट उतरवता येतात, आणि ती द्यायला पुढे आलेल्यांत क्विक हीलही होती. इथे फुकटाचं कारण उघड आहे. अख्खा फड स्वच्छ राहिला पाहिजे, आणि खर्च सार्वजनिक.

परत गच्चीवर

श्रोत्याचा प्रश्न होता, वेडा कोण? कोणीच नाही. फुकट घेणारा आपलं मशीन जाळ्यात देतो, आपली नजर जाहिरातीला देतो, कधी नकळत माहिती देतो. पैसे देणारा पैसे देतो आणि बदल्यात तक्रार करायचा हक्क घेतो. दोघेही किंमत मोजतात.

आमची चूक फुकटचा अँटीव्हायरस टाकला ही नव्हती. कराराच्या विरुद्ध वापरला ही चूक होती, पण त्याने ओव्या गेल्या नाहीत. त्या दिवशी पैशाचा अँटीव्हायरस असता तरी त्याने बहुतेक तेच केलं असतं, नकली फोल्डरं काढली असती. फरक एवढाच पडला असता, की डब्यावर एक फोन नंबर असता. मामाने तो फिरवला असता, आणि पलीकडच्याने म्हटलं असतं, "थांबा, फॉरमॅट मारू नका." एवढं एक वाक्य. फुकट आवृत्तीत नेमकं तेच नसतं.

मामाला मी हे बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. या भागाच्या निमित्ताने सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे त्या तिथंच व्हत्या?" मी हो म्हटलं. तो उठून खाली गेला. रेकॉर्डिंगमध्ये इथे जी मोठी शांतता आहे ती काढायची का, असं मला एडिट करणाऱ्या मित्राने विचारलं. मी ठेव म्हटलं.

त्या प्रसंगानंतर मामाने दुकानात एक नियम केला होता, तो आजही आहे. कोणाचंही मशीन, कोणाचाही पेनड्राइव्ह हातात आला की आधी सगळ्याची प्रत काढून वेगळ्या डिस्कवर ठेवायची, काही दिसत नसलं तरी. मगच हात लावायचा. त्याचे तो पैसे घेत नाही. का घेत नाही, ते मी त्याला कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायची गरज नाही.

ताईंचा प्रबंध वहीतल्या पहिल्या भागावर पूर्ण झाला. दुसऱ्या भागासाठी आजी राहिल्या नव्हत्या.

तर मंडळी, हा भाग ऐकून किंवा वाचून झाला की एक काम करा. तुमच्या घरातली आजी जे काही सांगते, गाते, ते फोनमध्ये असेल तर आज त्याची दुसरी प्रत काढा. याला अँटीव्हायरस लागत नाही, फुकटचाही नाही आणि पैशाचाही नाही.

भेटू पुढच्या भागात.